दुसरी किल्ली

घाटकोपरच्या ज्या शाखेत मी नोकरीची पाच वर्षे काढली, तिथल्या स्ट्राँग रूमच्या दरवाजाला दोन किल्ल्या होत्या. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दरवाजा हलत नसे. एका पावसाळी सकाळी भांडुप आणि कांजूरच्या मध्ये माझी लोकल दीड तास उभी राहिली, आणि तेवढा वेळ सगळी शाखा, पेन्शनच्या रांगेतल्या आजी-आजोबांसकट, माझ्या खिशातल्या चार बोटे लांबीच्या लोखंडाची वाट पाहत ताटकळली. मी भिजून, धापा टाकत पोहोचलो तेव्हा ग्राहक माझ्या नावाने बोटे मोडत होते. मॅनेजर मात्र शांत. म्हणाले, ''तुमच्यामुळे तिजोरी उघडली नाही, त्याचं लोकांना काय सांगायचं ते मी बघतो. पण तुमच्याशिवाय उघडली असती ना, तर मला रात्री झोप लागली नसती.''

मला निवृत्त होऊन काही वर्षे झाली. किल्ल्यांचा जुडगा गेला, आणि त्याची जागा मुलुंडच्या घरात खिडकीशेजारच्या टेबलावर ठेवलेल्या संगणकाने घेतली. त्यात माझी पेन्शन दिसते, बायकोच्या मुदत ठेवी दिसतात, शेअर्स आहेत, आयकराची विवरणपत्रे आहेत, नातीचे पहिले पाऊल टाकतानाचे फोटो आहेत, आणि एक अर्धवट कादंबरी आहे. घाटकोपरच्या तिजोरीत माझे स्वतःचे असे काहीच नव्हते, तरी तिला दोन किल्ल्या होत्या. इथे सगळेच माझे आहे आणि ते एका बोटाने उघडते.

हे सगळे सुचायला कारण घडले ते गेल्या श्रावणात. आमच्याच मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळी सोसायटी त्यांना 'सर' म्हणते, मीही म्हणतो. त्यांचा मुलगा परदेशी. पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या. एके दुपारी सर इंटरनेटवर कसल्याशा आरतीचे शब्द शोधत असताना पडदा एकाएकी लालभडक झाला, भोंग्यासारखा आवाज सुरू झाला आणि इंग्रजीत मजकूर आला: तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, तो बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. खाली एका जगप्रसिद्ध कंपनीचे बोधचिन्ह. सरांनी फोन केला. पलीकडे अत्यंत आदबशीर आवाज. त्याने एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला. मग सरांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी हात न लावता, पडद्यावरचा बाण आपला आपण फिरू लागला.

अठ्ठावीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवलेला माणूस. मला नंतर म्हणाले, ''तो बाण फिरताना पाहून मला हायसं वाटलं हो. म्हटलं, कोणीतरी जाणकार माणूस आला.''

त्या दिवशी अडतीस हजार रुपये गेले. मोबाईलवर बँकेचा संदेश आला तेव्हा सरांच्या लक्षात आले की काहीतरी वेडेवाकडे झाले आहे. पण त्या आदबशीर आवाजाने सांगितले, ही अनामत आहे, काम पुरे झाले की परत मिळेल, तोवर कोणाशी बोलू नका. पुढचे चार दिवस तो रोज फोन करी, 'पैसे परत येण्यासाठी' म्हणून आलेला आकडा विचारून घेई, आणि प्रत्येक आकड्यागणिक आणखी रक्कम जाई. पाचव्या दिवशी संध्याकाळी सरांनी माझी बेल वाजवली. तोवर आणखी एक लाख दहा हजार गेले होते.

मी विचारले, ''सर, पहिल्याच दिवशी का नाही आलात?''

ते बराच वेळ चपलांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ''मुलाला कळलं असतं तर म्हणाला असता, बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलंय...''

म्हणजे चूक अडतीस हजारांची होती. उरलेले एक लाख दहा हजार ही लाजेची किंमत.

आता या प्रकरणात गंमत अशी, की सुरुवातीला सरांच्या संगणकात व्हायरस नव्हताच. तो लाल पडदा म्हणजे इंटरनेटवरचे एक पान होते, भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीसारखे. ब्राउझर बंद केला असता, किंवा सरळ संगणकाचे बटण दाबून धरून तो बंद केला असता, तर ते पान गेले असते. कोणतीही मोठी संगणक कंपनी धोक्याच्या सूचनेत फोन नंबर देत नाही. नंबर दिसला की समजावे, हा भामटा. खरा चोर घरात आला तो सरांनी स्वतः उतरवून घेतलेल्या प्रोग्रॅममधून, आणि तो प्रोग्रॅमही तसा चोरांचा नव्हे. कचेऱ्यांमधले तंत्रज्ञ लांबून यंत्रे दुरुस्त करायला अशीच साधने वापरतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क' या अशाच एका ॲपच्या नावानिशी बँकांना सावध केले होते. म्हणून अँटिव्हायरसही अशा वेळी गप्प राहण्याची शक्यता असते. दाराला सात कुलपे लावली आणि आपणच पाहुणा म्हणून आत घेतले, तर कुलपे काय करणार?

सरांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, कारण असले लपवाछपवीचे धंदे मीही केले आहेत. सन २०११ च्या सुमारास माझी एक कादंबरी तयार होत होती. अकरा प्रकरणे पेन ड्राइव्हवर घेऊन मी स्टेशनजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात छापील प्रत काढायला गेलो. घरी येऊन पेन ड्राइव्ह लावतो तो काय, सगळ्या फोल्डरांच्या जागी बाणाची खूण असलेले शॉर्टकट! दाबले तर काही उघडेना. आणि अतिहुशारी अशी, की मी तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या दिवशी प्रकाशकांकडे नेऊन लावला. संध्याकाळी तिथल्या ऑपरेटरचा फोन आला, ''साहेब, तुमच्या कादंबरीबरोबर आणखी काहीतरी आलंय.'' मी तीन दिवस बायकोला सांगत होतो की मी 'पुनर्लेखन' करतोय. प्रत्यक्षात आढ्याकडे बघत बसलो होतो. अखेर खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने पाहिले आणि दोन मिनिटांत अकराही प्रकरणे परत आणली. त्या व्हायरसने फायली पुसल्या नव्हत्या, नुसत्या लपवल्या होत्या आणि त्यांच्या जागी स्वतःचे शॉर्टकट मांडले होते. मी तीन दिवस ज्या शोकात होतो तो दोन मिनिटांचा होता. विचारायला गेलो नाही, एवढेच.

या व्हायरसांचा जन्म पाहिला तर तो थोडा करमणुकीचाच आहे. वैयक्तिक संगणकावरचा पहिला मोठा व्हायरस समजला जातो तो 'ब्रेन', १९८६ चा, आपल्या शेजारच्या लाहोरचा. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी लिहिलेला. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला निघत, म्हणून नक्कल करणाऱ्याला अद्दल घडावी असा हेतू. आणि सभ्यपणा इतका, की व्हायरसच्या आतच त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता. असे चोर आता राहिले नाहीत.

दुसरी भावांची जोडी आपल्या पुण्याची. कैलाश काटकर हे मॅट्रिकनंतर कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात दुरुस्तीला येणारी यंत्रे पाहता पाहता लक्षात आले, की बऱ्याच यंत्रांना दुरुस्ती नको, औषध हवे आहे. संजय यांनी ते औषध लिहिले आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला त्यातून 'क्विक हील' निघाले. २०१६ मध्ये त्या कंपनीचे शेअर बाजारात आले. मराठी माणसाने धंदा करावा असे आपण व्याख्यानांतून ऐकतो. हा केला गेला दुरुस्तीच्या टेबलावर.

पण लाहोरच्या भावांची तक्रार आठवा: चोरट्या नकला. चाळीस वर्षे झाली, तरी आपल्या घरांत रोग येतो तो बहुधा त्याच वाटेने. लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेला संगणक आणि त्यावर दुकानदाराने 'वर घालून दिलेले' विंडोज, हे आपल्या उपनगरातल्या हजारो घरांचे वास्तव होते. मीही त्यातलाच. नऊवारी पातळ पारखून घेणारे आपण, सॉफ्टवेअर मात्र कोणाच्या गाठोड्यातून आले हे विचारत नाही. २६ एप्रिल १९९९, सोमवार. ती तारीख माझ्या लक्षात आहे, कारण त्या सकाळी आमच्या शाखेतला पत्रव्यवहाराचा संगणक सुरूच होईना. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' नावाचा व्हायरस, चेर्नोबिलच्या अपघाताच्या तारखेला जागा होणारा. तो हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी आणि काही यंत्रांत तर संगणक सुरू करणारी चिपच निकामी करी. आमच्याकडे तो आला कसा? चौकशीअंती निष्पन्न झाले, की कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळायला कुठूनशी एक सीडी आणली होती. ज्याने आणली तो कबूल झाला नाही, आणि आम्हीही फार खोदले नाही. लेजर सुरक्षित होते, कारण ते वेगळ्या यंत्रावर होते आणि त्याची प्रत रोज संध्याकाळी निघून दुसऱ्या शाखेत जात असे. १९८० च्या दशकात 'संगणक हटाव'च्या घोषणा देणाऱ्यांत मीही होतो, हे इथे कबूल करून टाकतो. त्या सोमवारी जुने सहकारी माझ्याकडे बघून हसत होते.

आजच्या चोरट्या सॉफ्टवेअरचे दुखणे याहून वाईट आहे. 'क्रॅक' म्हणून जे मिळते, ते चालू करण्याआधी 'अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते, आणि आपली शहाणीसुरती नातवंडे ती पाळतात. पहारेकऱ्याला चहाला पाठवून मग दार उघडायचे! त्यातून कधी टेहळणीचा प्रोग्रॅम शिरतो, तो आपण दाबलेली प्रत्येक कळ टिपून परस्पर पाठवतो. बऱ्याच बँकांच्या संकेतस्थळांवर पडद्यावरचा कीबोर्ड आला तो यासाठीच, आणि त्यावरची अक्षरे जागा बदलतात म्हणून ग्राहक माझ्या टेबलाशी येऊन भांडत. कधी खंडणीवाला शिरतो. तो फायलींना स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. मे २०१७ च्या 'वॉनाक्राय'ने जगभर हेच केले. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने, जूनमध्ये, 'नॉटपेट्या' आला आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल त्याने ठप्प केले. वॉनाक्राय ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. 'नंतर करू' म्हणणाऱ्यांचे नुकसान झाले.

तेव्हा 'अपडेट करा' असा संदेश संगणकानेच दिला, तर चहा करायला जावे आणि त्याला ते करू द्यावे. विंडोज १० ची मोफत दुरुस्ती देण्याची मूळ मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांच्या घरी अजून ते आहे त्यांनी मुलाला, जावयाला किंवा ओळखीच्या तंत्रज्ञाला विचारून पुढचे बघावे. गळके छप्पर पहिल्या पावसापर्यंतच ठीक वाटते. अँटिव्हायरस विंडोजमध्ये आता मुळातच असतो, तो चालू आहे ना एवढे पाहावे. विकतचा घेतला तर एकच घ्यावा. दोन पहारेकरी ठेवले तर ते एकमेकांनाच चोर समजून भांडतात.

प्रतीबद्दल मात्र मी थोडा हट्टी आहे. आमच्या बँकेतली रोजची प्रत दुसऱ्या शाखेत का जाई, हे २६ जुलै २००५ ला पाणी तळमजल्यांत शिरले तेव्हा साऱ्या मुंबईला समजले. घरच्या संगणकाची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढावी, आणि काम झाले की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. लावूनच ठेवली तर खंडणीवाला तिलाही कुलूप लावतो. माझ्या कादंबरीची एक प्रत बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात असते. वाङ्मयाला एवढा मान आमच्या घरात यापूर्वी मिळाला नव्हता.

आणि आता किल्ली. विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती करता येतात: एक साधे, रोजच्या वापराचे, आणि एक व्यवस्थापकाचे. आपण सगळे आळसाने व्यवस्थापकाच्याच खात्यात वावरतो, म्हणजे स्ट्राँग रूम उघडी टाकून तिच्यातच टेबल मांडून बसतो. साध्या खात्यात बसले, की काही नवे घुसवायचा प्रयत्न झाल्यास संगणक अडतो आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड मागतो. तो पासवर्ड दुसऱ्याच्या हाती असला, की झाली जॉइंट कस्टडी. हा उपाय सगळेच थोपवतो असे नाही, आपल्या संमतीशिवाय चालणारे काही उपद्व्याप साध्या खात्यातही होतात. पण घाईला तो अडवतो, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक नुकसान घाईत झालेले आहे.

दुसरी किल्लीही खोटी बनवता येते, हे बँकवाल्याने विसरू नये. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, जुनी आणि नावाजलेली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड सरकवले की 'याच्या खात्यात पैसे आहेत का' असा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातो. हल्लेखोरांनी मध्येच एक तोतया यंत्रणा बसवली, ती प्रत्येक प्रश्नाला परस्पर 'आहेत, द्या' म्हणत गेली. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, दोन दिवसांनी हाँगकाँगकडे आणखी रक्कम वळवली गेली, एकूण सुमारे ९४ कोटी. मी निवृत्त माणूस, पण ते वाचताना तळहाताला घाम आला. कारण ज्या दुसऱ्या सहीवर आम्ही उभा जन्म विसंबलो, ती सहीच कोणीतरी गिरवली होती. म्हणून माझा यंत्रातल्या दुसऱ्या किल्लीपेक्षा माणसातल्या दुसऱ्या किल्लीवर जास्त विश्वास आहे. जिचा चेहरा दिसतो, आवाज ओळखीचा आहे आणि जिची बेल वाजवता येते.

तरुण वाचकांशी इथे थोडे भांडायचे आहे. तुमचे आईवडील चुकीचे बटण दाबतील, हे धरून चाला. तुम्ही त्यांना 'काय दाबलंत?' असे ज्या सुरात विचारता, त्यावर ते पुढच्या वेळी सांगतील की लपवतील हे ठरते. आणि लपवणे फार महाग पडते. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक हेच सांगत होते: चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर भार नाही, चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार. आणि ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडा सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चुकलेल्या माणसालाही बोलण्याने फायदा आहे. सायबर फसवणुकीसाठी सरकारचा १९३० हा क्रमांक आहे. तिथे कळवले की पैसा ज्या खात्यांतून पुढे सरकतो, ती गोठवण्याची धडपड होते. पैसा खात्यांतून तासांच्या हिशेबाने पळतो, आपण दिवसांच्या हिशेबाने लाजतो.

सरांच्या बाबतीत त्या रात्री आम्ही आधी इंटरनेटची वायर काढली, बँकेला कळवून खाते थांबवले, १९३० ला फोन लावला, दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. खालच्या मजल्यावरच्या त्याच मुलाने (आता तो नोकरीला आहे आणि दोन पोरांचा बाप आहे) सरांचे फोटो आणि कागदपत्रे बाजूला काढून संगणक पुसून नव्याने लावला, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. बावीस हजार रुपये एका खात्यात अडकलेले सापडले, ते परत मिळण्याची खटपट चालू आहे. बाकीचे गेले. परदेशी मुलाला फोन मी केला, सरांच्या समोर, स्पीकरवर. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, ''बाबा, तुम्ही जेवलात का?'' सरांनी चष्मा काढून पुसला.

तेव्हापासून त्यांच्या व्यवस्थापक खात्याचा पासवर्ड बंद पाकिटात माझ्या कपाटात आहे आणि माझा त्यांच्या. पाकिटावर दोघांच्या सह्या, तारीख. सवय जात नाही.

परवा रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात सर. ईमेल आला होता: वीजबिल थकले आहे, भरले नाही तर पुरवठा खंडित होईल. सरांच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद होता. आम्ही दोघांनी मिळून पत्ता तपासला, ग्राहक क्रमांक जुन्या बिलाशी ताडून पाहिला, मग मेलमधल्या दुव्याला हात न लावता वीज कंपनीचे संकेतस्थळ स्वतः उघडून त्यात पाहिले.

मेल खरा होता. सर दोन महिने बिल भरायला विसरले होते.